मागच्या दाराचे मावसाजी

साऱ्या जगात मागच्या दाराने ये-जा करूनही प्रामाणिक राहिलेला माणूस एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, आमचे मावसाजी. कुणाच्याही घरी गेले तरी ते पुढच्या दारात चप्पल काढत नसत. घराला वळसा घालून, न्हाणीचं पाणी आणि कोंबड्यांची डालकी चुकवत ते परसातून येत आणि थेट चुलीपाशी उभे राहून "का चाललं?" असं विचारत. पुढच्या दारात घर सजून बसलेलं असतं, खरं घर मागे असतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मामाच्या लग्नातही ते मांडवाच्या कमानीतून न येता आचाऱ्यांच्या बाजूने आले. निम्म्या वऱ्हाडाला ते आचारीच वाटले आणि कुणीतरी वरण मागितलं. मावसाजींनी बादली उचलली आणि तीन पंगती वाढल्या. नवरीकडच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं की हे नवरदेवाचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान. मावशी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते स्वतःच फार कमी बोलत.

कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेत, त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. समोरून रायपूर, नागपूर, गोंदिया अशा सगळीकडच्या गाड्या जायच्या. निम्मे ड्रायव्हर त्यांना नावाने ओळखत. पण मावसाजी स्वतः एकाही गाडीत चढत नसत, कारण गाडी हलली की त्यांच्या पोटातलं सगळं वर यायचं. लिंबू, आवळा, ओवा, चालत्या गाडीत डोळे मिटून बुद्धवंदना, सगळं करून झालं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण जागचं हलायचं नाही, ज्याला गरज असेल ते जग इथे येईल. आणि नवल म्हणजे जग आलं.

ते असं आलं. गोंदियात एका डॉक्टरबाईंची छोटी संस्था होती. गावोगाव जाऊन सिकलसेलची रक्ततपासणी करायची, ज्याच्या रक्तात दोष लपलेला असेल त्याला पिवळं कार्ड द्यायचं, ज्याला प्रत्यक्ष आजार असेल त्याला लाल, आणि या सगळ्याची नोंद ठेवायची, हे तिचं काम. पिवळ्याचं लग्न पिवळ्याशी झालं तर लेकरू लाल निघू शकतं, म्हणून सोयरीक ठरण्याआधी घरचे लोक संस्थेत विचारायला येत. लोकांकडची कार्डं पावसात भिजत, उंदीर खात, नाहीतर सासरी कळू नये म्हणून चुलीत जात. उरायची ती संस्थेतली नोंद. ती गेली तर अकरा वर्षांची, शेकडो गावांची तपासणी पुन्हा पहिल्या सुईपासून. मावसाजींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा मुलगा सहाव्या वर्षी गेला. तेव्हा कार्डं नव्हती, आणि आपण दोघंही पिवळे आहोत हे मावशी-मावसाजींना त्याच्या मरणानंतर कळलं. घरात या विषयावर बोलणं व्हायचं नाही. पण संस्थेला कुणीतरी एक जुना सर्व्हर दान दिला आणि डॉक्टरबाईंनी हे यंत्र सांभाळणारं कुणी आहे का अशी विचारपूस केली, तेव्हा मावसाजींनी ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवली. "मी सांभाळतो. येणार नाही."

न येता सांभाळायचं कसं, याचं उत्तर त्यांना त्या सर्व्हरच्या पाठीमागेच सापडलं. मशीन गोंदियाला लावण्याआधी आठ दिवस त्यांच्या दुकानात होतं. मागे नेटच्या वायरीसाठी दोन खाचा शेजारी-शेजारी होत्या, आणि तिसरी जरा बाजूला, एकटी, तिच्यावर छोट्या पान्याचं चित्र. त्या खाचेमागे बोर्डावर एक वेगळी बारकी चिप असते. मशीन बंद असो, अडकलेलं असो, नुसती वीज पोचत असली की ती चिप जागी असते. दुरून तिच्याशी बोललं तर ती मशीनचा पडदा दाखवते, मशीन बंद करते, चालू करते. मी संस्थेत नोंदी भरायच्या कामाला लागले तेव्हा मावसाजींनी मला हे एका दमात सांगितलं. "घर झोपलं तरी ओसरीवरचा म्हातारा जागा रायते, बाई. त्याले फक्त हळूच विचाराचं, का झालं बा? तो सारं सांगते." त्या दिवसापासून संस्थेत त्या चिपचं नाव म्हातारा पडलं.

म्हाताऱ्याशी बोलायला त्यांच्याकडे एक खास लॅपटॉप होता. तो मावशीच्या साडीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रेडिओच्या खोक्यात ठेवलेला असे. त्यावर दुसरं काहीच करायचं नाही. गाणं नाही, मेल नाही, आणि अपडेट तर अजिबात नाही. कारण बोर्ड जुना, त्याच्या चिपची भाषा जुनी, तिचं प्रमाणपत्र कधीच मुदत संपलेलं, आणि तिचा पडदा दिसायला जावा नावाचा जो प्रोग्रॅम लागे तोही जुनाच. नव्या कॉम्प्युटरवरून उघडायला गेलं की लाल पाटी यायची, ही जागा सुरक्षित नाही, मागे फिरा. मावसाजी त्यावर संतापत. "हा नवा ब्राउझर सोवळ्यातला आहे. जुन्या मशीनच्या हातचं पाणी त्याले चालत नाई." माझ्यासारख्या मुलीला हे वाक्य किती आवडलं असेल हे सांगायला नको. एकदा डॉक्टरबाईंच्या भाच्याने भल्या मनाने तो लॅपटॉप अपडेट करून दिला. मावसाजी तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी एका ट्रकवाल्याच्या घरातून लॅपटॉपवर पुन्हा जुनंच सगळं चढवायची सीडी मिळाली तेव्हा त्यांनी वरण-भात मागितला.

दुसरा त्यांचा नियम विजेचा. गोंदियात वीज गेली आणि आली की सर्व्हर आणि नेटचा डबा एकदमच चालू होत. डबा उठायला वेळ लावायचा. तोवर म्हातारा डोळे उघडायचा, आपल्या खाचेत कुणीच बोलत नाही असं पाहून शेजारच्या खाचेवर जाऊन बसायचा, आणि मग कोहमाऱ्याहून कितीही हाका मारा, सापडायचा नाही. म्हणून वीज गेली की दोन्ही पिना काढून ठेवायच्या, आली की आधी डबा लावायचा, शंभरपर्यंत मोजायचं, आणि मग सर्व्हरची पिन खोचायची. हे काम झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईकडे होतं. तिला मोजणं विसापर्यंतच येत होतं, म्हणून ती पाच विसा मोजायची, दर विसाला एक खडा खिडकीत ठेवायची, आणि तो वेळ संस्थेत कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांना तिने चौथ्या विसाला हात दाखवून गप्प बसवलं होतं.

तिसरा नियम पासवर्डचा, आणि तिथेच आमचं जमेना. असले बोर्ड कारखान्यातून निघतात तेव्हा सगळ्यांचं नाव एक आणि पासवर्डही एकच. अख्ख्या गावाच्या घरांना एकच किल्ली, असं मावसाजी म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी तो बदलला आणि पुढे दर पौर्णिमेला विहारातून आले की बदलत राहिले. तो लिहिलेला कुठेच नव्हता आणि दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हता. मी वाढले ती वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. जयंतीला पत्रक, सभेला पत्रक, नळाला पाणी नाही तर पत्रक. अक्षरओळख मला त्या शाईच्या वासातच झाली. ज्ञान एका डोक्यात कोंडून ठेवणं हा या देशातला सर्वांत जुना गुन्हा आहे, असं मी मावसाजींना फोनवर सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग लोकायच्या पोरीची कार्डं बी चौकात लावू का?" मी म्हटलं, तो वेगळा मुद्दा. ते म्हणाले, "दार तं एकच आहे, वो."

मग मावसाजींना कावीळ झाली. त्याच आठवड्यात सर्व्हर अडकला. देवरी, केशोरी धरून आमची पाच उपकेंद्रं होती, प्रत्येक ठिकाणी एक मुलगी नोंदी भरायला. पाचही जणींचे फोन, पान उघडत नाही म्हणून. मावशीने मावसाजींच्या कानाला फोन धरला आणि त्यांनी क्षीण आवाजात मला एकेक पायरी सांगितली. पासवर्ड तीनदा म्हणून घेतला आणि बजावलं, "लिहू नोको. डोक्यात ठेव." लाल पाटी ओलांडून मी संस्थेच्याच कॉम्प्युटरवरून म्हाताऱ्यापर्यंत पोचले; पडदा दिसला नाही, पण बंद-चालूचं बटण दिसलं, बंद करा, चालू करा, आणि मशीन उठलं. मला झालेला आनंद काही माझा एकटीचा नव्हता. मला वाटलं, एका आजारी माणसाच्या डोक्यात अडकलेली विद्या मी मोकळी केली. तिथेच बसून मी पत्रक लिहिलं. मथळा, "सर्व्हर सर्वांचा". खाली पत्ता, नाव, पासवर्ड, पायऱ्या. चौथी पायरी मला आजही पाठ आहे. "लाल इशारा येईल. इशाऱ्याला भिऊ नका, पुढे जा." मी ते भिंतीवर डकवलं आणि पाचही उपकेंद्रांना एकेक प्रत पाठवली. शेवंताबाईने ते उलटं-सुलटं बघून विचारलं, याच्यावर पाच विसा लिहिलं का? मी म्हटलं, ते त्यात नाही.

त्या मुलींची चूक काढायला माझं तोंड नाही. पान जरा रेंगाळलं की आधी त्या तासन्तास वाट पाहत. आता त्यांच्या हातात उपाय होता. देवरीच्या मुलीने पान हळू चालतंय म्हणून सर्व्हर बंद करून चालू केला. ती असं करतेय हे केशोरीच्या मुलीला कुठून कळणार. तिच्याकडे भरत आलेला अर्ज मधेच गायब झाला, तिने पत्रक काढलं आणि तिनेही बंद करून चालू केला. तो उठतो न उठतो तोच तिसरीने. प्रत्येकीला वाटत होतं, आपण संस्थेचं काम वाचवतोय. मशीन लिहिता लिहिता मान मुरगळल्यासारखं बंद पडायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा बंद. पंधरा दिवस हे चाललं आणि एका दुपारी ते उठलंच नाही.

नागपूरहून एक इंजिनिअर आणला. त्याने झाकण उघडलं आणि हसला. "मॅडम, ये तो म्यूजियम का माल है. डेटा भूल जाइए, नया लगाइए." नोंदींची नक्कल होती, पण ती त्याच पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे घराची दुसरी किल्ली त्याच घरात. तीही बिघडली होती. डॉक्टरबाई खुर्चीत बसून राहिल्या. त्या आठवड्यात तीन सोयरिकींचे लोक विचारून गेले होते, आणि आम्ही त्यांना उद्या या म्हटलं होतं. मावसाजींनी डोळे अजून पिवळे असताना निरोप पाठवला की मशीनला कुणी हात लावू नका, फक्त शेवंताबाईला सांगा, आधी डबा, मग मशीन, आणि मला चार दिवस द्या.

म्हातारा सापडला. त्या चिपला एक सवय असते, कोण कधी आलं आणि काय केलं हे ती लिहून ठेवते. मावसाजींनी आधी ते वाचलं. एका दिवसात एकोणीस वेळा बंद-चालू, पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून. मग त्यांचा मला फोन आला. मी वाट पाहत होते की आता ते रागावतील. ते एवढंच म्हणाले, "बाई, भित्तीवरचा कागद काढ. मी पासवर्ड बदलवला." आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस कोहमाऱ्यात जे चाललं ते मला मावशीने सांगितलं. दुरुस्तीची सीडी मावसाजींच्या लॅपटॉपमध्ये आणि ती वाचत होतं गोंदियाचं मशीन, मधे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर टेलिफोनची तार. त्या तारेतून सीडी जात होती ती तिळातिळाने. वीज गेली की सगळं पहिल्यापासून, म्हणून एका ट्रकवाल्याने आपली बॅटरी उतरवून दिली आणि तो दोन दिवस माल घेऊन ढाब्यावर खाटेवर पडून राहिला. शेजारच्या ढाबेवाल्याने व्होल्टेज पडू नये म्हणून फ्रीज बंद ठेवला आणि गिऱ्हाइकांना कोमट थम्सअप पाजलं. कुणी ओरडलं की तो सांगायचा, आत पेशंट आहे. खोटं नव्हतं. मावसाजी मुगाचं पाणी पीत पडद्यापुढे बसून होते. चौथ्या दिवशी नोंदी आल्या. शेवटच्या तीन आठवड्यांच्या गेल्या, त्या आम्ही कागदांवरून पुन्हा भरल्या. बाकी अकरा वर्षांतलं एक गाव गेलं नाही.

त्यानंतर संस्थेच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष सरांनी मावसाजींना फोनवर घेतलं, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, पासवर्ड फक्त तुमच्याकडे होता, तो बाहेर गेला कसा. मी टेबलाच्या टोकाला इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. भिंतीवरचा कागद डॉक्टरबाईंनी पाहिला असेल-नसेल, सरांनी नक्कीच पाहिला नव्हता. फोनमधून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मावसाजी म्हणाले, "मीच सांगतला. बिमारीत चूक झाली." मी नळाच्या पाण्यासाठी तहसीलदारापुढे उभी राहून बोललेली मुलगी. मी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं की सदर व्यक्तीने चूक मान्य केली. अक्षर चांगलं आलं. पुढच्या ओळीत सर्व्हरचं काम नागपूरच्या एका कंपनीला देण्याचा ठराव होता, तोही मीच लिहिला. महिनाभरात नवं मशीन आलं, नोंदी त्यात गेल्या, आणि जुनं अडगळीत.

माझ्या वडिलांच्या घरात चूक कबूल करायची एकच रीत होती, छापून. मी "जाहीर कबुली" नावाचं पत्रक लिहिलं, दोनशे प्रती काढल्या आणि पहिली मावसाजींना द्यायची म्हणून गठ्ठा घेऊन कोहमाऱ्याला गेले. सगळं खरं लिहिलं होतं. मी काय केलं, कुठल्या उपकेंद्रातून काय झालं, मावसाजींनी काय वाचवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली. म्हणाले, "चांगलं लिहिलं." मग त्यांनी विचारलं, "पाच पोरी आहेत याच्यात. त्यायचं का?"

मी म्हटलं, त्यांचा दोष नाही, असंच तर लिहिलंय.

"तू लिहून रायली का दोष नाई. सर असं वाचतीन का सर्व्हर यायनंच पाडला. त्यायले ठेवतीन का?" त्यांनी कागदाची घडी केली. "मले तं दुकान आहे. त्या केशोरीवालीच्या घरी कमावणारं कोण आहे? तू लिहून मोकळी होशीन, वो."

दोनशे प्रती मी परत नेल्या. त्यांचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आज हे लिहिते आहे ते उपकेंद्रं बंद होऊन पाचही जणी आपापल्या वाटेला लागल्या म्हणून, आणि काही म्हणायला मावसाजी आता उरले नाहीत म्हणून.

काम गेल्यावर ते काही बदलले नाहीत, पण जरा लहान झाल्यासारखे दिसायला लागले. टीव्हीही लोक दुरुस्त करेनासे झाले होते. बिघडला की नवाच आणत. ते डिशच्या छत्र्या सरळ करत, ट्रकवाल्यांचे टेप बघत. संस्थेबद्दल कधी विचारत नसत आणि मीही सांगत नसे. फक्त एकदा सांगितलं. त्या बैठकीला दोन-अडीच वर्षं झाली असतील. एक मुलगा आणि एक मुलगी, घरच्यांच्या आधी आपली आपणच, हातात हात घालून संस्थेत आले. कार्डं दोघांचीही हरवलेली. मी नाव टाकलं आणि नोंदी एका क्षणात पडद्यावर आल्या. त्या अकरा वर्षांतल्याच, त्या चार दिवसांत तिळातिळाने परत आलेल्यांतल्याच. मला वाटलं, एवढं तरी मावसाजींना कळायला हवं. रविवारी मी कोहमाऱ्याला गेले. ते दुकानाच्या मागच्या बाजूला उन्हात बसून जुन्या वायरी सोलत होते.

मी सांगितलं की नोंदी सापडल्या. त्यांनी विचारलं, "दोघं पिवळे?"

मी म्हटलं, हो. डॉक्टरबाईंनी समजावलं, लग्न करूच नका असं म्हटलं नाही, पण लेकराचं सांगितलं. आठ दिवसांनी मुलगी एकटीच येऊन गेली. मोडलं म्हणाली.

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मला वाटलं होतं, एक लेकरू वाचलं असं ते म्हणतील, निदान मान हलवतील. त्यांनी वायरीचं वरचं रबर हळूहळू ओढून काढलं, आतलं तांबं बोटांवर गुंडाळलं.

"लय वाईट वाटलं असन दोघायलेबी," ते म्हणाले.

आत मावशी चहा गाळत होती, त्याचा आवाज येत होता. मुलगी कुठल्या गावची, मुलगा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.